सर्वणच्या शेतातलं बाळ

सर्वणला जायचं आमच्या बेतात नव्हतं. निघालो होतो पेडण्याला. तिथल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, आणि नदीकाठच्या उंचवट्यांवर अश्मयुगातल्या माणसांची हत्यारं सापडतात का, हे मला पाहायचं होतं. कोल्हापूरच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते आणि सुट्टी मिळाली की जुन्या वस्त्यांच्या मागे हिंडते. गोवा मुक्त होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. देवळं, किल्ले, शिलालेख यांच्यावर पुष्कळ लिहून झालं होतं. पण त्या सगळ्याच्या आधी इथे पहिलं घर कुणी बांधलं, पहिली चूल कुणी मांडली, हे फारसं कुणी विचारलं नव्हतं.

सोबत नाना होते. नाना म्हणजे माझे सासरे. जन्मभर हायस्कुलात भूगोल शिकवला. मूळचे बांद्याचे, आणि आजोळ पेडण्याचं. "एकटी कुठे हिंडणार तिकडे? भाषा कळणार नाही तुला," असं म्हणून त्यांनी माझ्याआधी स्वतःची पिशवी भरली होती. पिशवीत छत्री, पंचा, सुपारीचा डबा आणि माझ्यासाठी आल्याच्या वड्या.

माझा नवरा, नानांचा एकुलता एक मुलगा माधव, दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. मी सकाळी त्यांचा चहा करते, ते संध्याकाळी माझ्यासाठी भात लावून ठेवतात. एकमेकांना जपण्याच्या नादात माधवचं नाव मात्र दोघांनीही ओठांवर आणलं नव्हतं. मला वाटे, नानांना सोसणार नाही. त्यांना वाटत असावं, मला सोसणार नाही.

पेडणे

पत्रादेवीला, गोव्याच्या जुन्या सरहद्दीवर, गाडी थांबली तेव्हा नाना पिशवी उघडून बसले. लहानपणी आजोळी जाताना इथे फिरंग्यांचे शिपाई सामान उलथंपालथं करायचे, आई त्यांच्यासमोर गप्प उभी राहायची, हे त्यांना आठवत होतं. आता कुणी आलंच नाही. गाडी सुटली तरी ते पिशवीचं तोंड धरून बसलेले. "बघितलंही नाही गं कुणी," ते म्हणाले. आनंद होता त्यात, पण किंचित हिरमोडही झाला होता. "पंचवीस वर्षं फळ्यावर देशाचा नकाशा काढला मी. गोव्याचा एवढासा तुकडा पिवळ्या खडूनं काढायचो. पोरं विचारायची, सर, तिथे काय आहे? मी सांगायचो, माझं आजोळ आहे."

आजोळी मामेभाऊ बाबल होता. नानांच्याच वयाचा. अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होता. त्यानं मान वर करून पाहिलं, उठून जवळ आला आणि म्हणाला, "कितको म्हातारो जालंस रे तू!"

"आणि तू काय तरणो रवलंस?" नाना म्हणाले, आणि दोघं एकमेकांचे दंड धरून उभे राहिले. कोल्हापुरात इतकी वर्षं शुद्ध बोलणारे नाना त्या क्षणापासून मालवणीत शिरले ते परत येईपर्यंत त्यातून बाहेर आले नाहीत, माझ्याशी बोलायचे तेवढं सोडून.

पेडण्याची सकाळ पावानं उजाडते. आमच्याकडे पाव आजारी माणसाला देतात. इथे पोदेर सायकलवर टोपली बांधून येतो, भोंगा वाजवतो, आणि धट्टीकट्टी माणसं गरम उंडो, तो गोल पाव, घ्यायला धावतात. दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज, बरोबर सुक्या बांगड्याचा तुकडा नाहीतर कैरीचं लोणचं. मला भाकरीची सवय. पहिल्या दिवशी पेज पिऊन सड्यावर चढले आणि बाराला भुकेनं पाय लटपटायला लागले. तिसऱ्या दिवशी मात्र पेजेशिवाय चालवेना.

सड्यावर जांभा दगड उन्हात तापलेला, मधून मधून करड्या गवताचे पट्टे. मी वाकून चालायची. नाना छत्री घेऊन मागून. गारगोटीची काही बारीक पाती मिळाली, माणसाच्या हातून घडलेली. पण वस्तीची खूण कुठे दिसेना. एका उतारावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी बसकण मारत खाली गेले. नाना वरून ओरडले, "दगड फुटला नाही ना?" मग दोघंही हसलो.

संध्याकाळी मी पाती कापडावर मांडून बसले होते. बाबलनं वाकून पाहिलं आणि नानांना म्हणाला, "माझ्या चेडवाक सर्वणाक दिलंय. थय शेतात चर खणताना मडकी गावली. फुटकी. तुझ्या सुनेक दाखय."

सर्वण म्हणजे त्याच्या मुलीचं सासर, डिचोलीजवळ. मी विचारलं, "कसली मडकी?"

"हातान केलेली दिसतत. चाकार नाय."

चाकावरची नाहीत, म्हणजे फार जुनी असू शकतात. पुढं मला झोप कसली लागते!

सर्वण

शापोऱ्याची नदी फेरीनं ओलांडून म्हापसा, तिथून डिचोली. डिचोलीजवळ पोचेपर्यंत नानांचं पांढरं धोतर गेरूत बुडवल्यासारखं झालं होतं. खनिजाचे ट्रक एकामागून एक जात होते आणि मागे लाल धुळीचा पडदा सोडत होते. झाडांची पानं लाल, कुंपणं लाल, रस्त्याकडेचा हनुमानही लाल, पण तो मुळातच.

सर्वणला वळलो आणि एकदम हिरवं झालं. माड, पोफळी, मधून वाहता पाट. बाबलची मुलगी सगुणा दारातच उभी होती, कडेवर सात-आठ महिन्यांची मुलगी. नात्यानं ती माझी नणंद. मी तिला वन्सं म्हटलं तर ती हसली. "वयनी, पयलीं पेज जेवात, मागीर शेत पळयात." आधी पेज, शेत मग पाहा, असं तिचं म्हणणं. तिनं नानांकडे पाहिलं, आत गेली आणि नवऱ्याची धुतलेली लुंगी घेऊन आली. धोतर धुऊन सुकेपर्यंत भूगोलाचे मास्तर चौकटीच्या लुंगीत वावरत होते.

सगुणाचा नवरा गुरुदास कमी बोलणारा. शेत त्याचं. त्यानं चर दाखवला. मातीच्या कडेत खापरं होती, जाड, करडी, हातानं घडवलेली. त्याखाली चोपून बसवलेल्या जमिनीचा पातळ थर आणि राखेचा काळा पट्टा. मी गुडघे टेकून पाहतच राहिले. कुणीतरी इथे भुई सारवली होती. इथे चूल होती. सगुणाच्या चुलीपासून हाकेच्या अंतरावर.

"काही दिवस इथे खणायला मिळेल?" मी विचारलं. माझ्याकडे सरकारी परवाना होता, पण शेत त्याचं होतं.

गुरुदासनं वायंगणाची तयारी केलेली. हिवाळी भाताची रोपं वाढत आली होती. शेतात पाणी सोडायचं होतं. त्यानं आकाशाकडे, रोपांकडे आणि सगुणाकडे पाहिलं. "आयतारा मेरेन," तो म्हणाला. रविवारपर्यंत.

ते दिवस आठवले की अजून माझ्या हातांना मातीचा वास येतो. गावातली दोन माणसं मदतीला होती, पण खालच्या थरात मी कुणाला शिरू दिलं नाही. खांबांचे खळगे मिळाले, अर्धगोल मांडलेले. म्हणजे लहानसं गोल घर. तीन दगडांची चूल. एक पाटा, मध्ये झिजून खोल गेलेला. सगुणा तो पाहायला आली आणि चुलीकडे बोट दाखवून म्हणाली, "हांगा बसून ती वारें राखता आसतली." ती म्हणजे त्या घरातली बाई, वारा अडवत बसलेली; आणि चुलीचं तोंड वाऱ्याकडे पाठ करून होतं, खरंच.

नाना बांधावर बसायचे, मांडीवर सगुणाची पोर. तिला दात यायचे होते. हाताला लागेल ते चावायची: नानांचं बोट, छत्रीची मूठ, माझ्या खापराचा तुकडाही एकदा. तिच्या लाळेनं नानांच्या सदऱ्याची बाही ओली असायची. "ही बघ आमची उत्खननकर्ती," ते मला ओरडून सांगायचे. "सगळं तोंडानं तपासते."

शुक्रवारी दुपारी, चोपलेल्या जमिनीच्या खाली, दोन मडकी मिळाली. आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली.

माझा हात थांबला. दख्खनच्या जुन्या वस्त्यांतून असं मी पाहिलं होतं. घरातलं लहान मूल गेलं की ही माणसं त्याला दोन मडक्यांत घालून घरातच, जमिनीखाली ठेवत. बाहेर नाही. घरात. कोकणपट्टीत असं काही मिळाल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मडकी सोडवायला संध्याकाळ झाली. आत नुसती माती होती. मऊ, जराशी काळपट. हाडाचा कण नाही. मला ते ठाऊक असायला हवं होतं. ही तांबडी माती आंबट. ती हाडं खाऊन टाकते. तरी मी खड्ड्यात बसून राहिले. मडकी होती, पण त्यांत कोण होतं हे सांगायला काही नव्हतं. कुणीही म्हटलं असतं, धान्य असेल.

शनिवारी सकाळी ती सगळी माती मी पाटाच्या पाण्यात बारीक चाळणीतून धुतली. मूठ मूठ. नाना शेजारी बसले होते, पोर त्यांच्या कडेवर. सगुणा बाल्दी भरून देत होती. चाळणीत खडे, मुळं, कोळशाचे कण. मग तांदळाच्या कणीपेक्षा जरा मोठं, पांढरट, चमकणारं काहीतरी. मी ते बोटाच्या टोकावर घेतलं. आतून पोकळ, नुसता वरचा कोष. मूळ नाही. मूळ यायचं होतं अजून.

"नाना," मी म्हटलं, "हात पुढे करा."

मी ते त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

"काय आहे हे?"

"दात. दुधाचा. हिरडीच्या बाहेर न आलेला. हाडं जातात, दात टिकतो."

नानांच्या एका हातावर पोर, दुसऱ्या तळव्यावर तो दात. पोरीनं तो धरायला हात लांबवला, तेव्हा त्यांनी मूठ अलगद मिटली.

सगुणानं बाल्दी खाली ठेवली. "कोणाचें तें भुरगें?"

"या घरातलं बाळ," मी शेतातल्या खड्ड्याकडे बोट दाखवून म्हटलं. "फार फार जुनं. तीन हजार वर्षं तरी झाली असतील, जास्तही. सहा-सात महिन्यांचं असेल."

तिनं आपली मुलगी नानांकडून घेतली, छातीशी धरली आणि घरात गेली.

ती घाबरली आहे हे आनंदात माझ्या लक्षात आलं नाही. दुपारी पोर किरकिर करायला लागली. दिवेलागणीला अंग तापलं. दूध घेईना. शेजारच्या बायका येऊन गेल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण जाताना एकीनं शेताकडे पाहिलं ते मी पाहिलं.

गुरुदास ओसरीवर आला. उभ्यानंच बोलला. "वयनी, राग धरूं नाकात. तें आसलें थंय परत दवरात. हांव फाल्यां सकाळीं फोंड भरतां आनी उदक सोडटां."

होतं तिथे परत ठेवा. सकाळी खड्डा भरून पाणी सोडतो. चुलीखालचा थर अजून काढायचा होता. कोळशाचे नमुने घ्यायचे होते, ज्यांच्यावरून काळ ठरला असता. मडकी आणि दात परत पुरले तर हातात राहणार होती फक्त माझी एक गोष्ट. पण आतून पोरीचं कण्हणं ऐकू येत होतं. त्या आवाजापुढे नमुन्यांचं बोलायला माझी जीभ उचलेना. "बरं," मी म्हटलं. "तुमचं शेत आहे. ठेवते परत."

नाना सुपारी कातरत होते. अडकित्ता खाली ठेवून ते म्हणाले, "गुरुदास, बस मरे जरा."

तो बसला. सगुणाही पोरीला घेऊन दाराशी आली.

"आमचो माधव आठ महिन्यांचो होतो," नाना म्हणाले.

माझ्या हातातला कंदील मी खाली ठेवला.

त्यांच्या मालवणीतलं सगळं मला जसंच्या तसं लिहिता येणार नाही. पण ते सांगत गेले ते असं. माधवला ताप भरला. तीन दिवस उतरेना. डॉक्टर म्हणाले, दातांचा आहे. शेजारणी म्हणाल्या, दृष्ट आहे. आणि नाना तेव्हा तरुण मास्तर, वर्गात पोरांना सांगणारे की दृष्टबिष्ट काही नसतं. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी बायकोला न सांगता स्वतःच मीठ-मिरच्या ओवाळल्या, कोटाच्या खिशात घातल्या आणि तिठ्यावर टाकायला निघाले. वाटेत हेडमास्तर भेटले. म्हणाले, चला, जरा फिरायला. तासभर नाना खिशात मिरच्या घेऊन हेडमास्तरांबरोबर रंकाळ्याभोवती फिरले. घाम पुसायला खिशातला रुमाल काढला, तोंडावरून फिरवला, आणि डोळ्यांची अशी आग झाली की हेडमास्तर त्यांना हाताला धरून घरी घेऊन आले.

गुरुदासनं आधी मान खाली घातली. मग त्याचे खांदे हलायला लागले. सगुणानं तोंडाला पदर लावला.

"आणि ताप?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या दिसा आवशीन पेज भरवली. चमचो हिरडेक लागलो, टक् करून वाजलो. दात!" नानांनी अडकित्ता पुन्हा उचलला. "माझो तो झील आता नाय. पण तेका दातान काय केल्यान नाय, मिरचेन काय केल्यान नाय. तो मोठो झालो, शिकलो, हिच्याशी लगीन केल्यान. ह्या शेतातल्या बाळाचो कोणावर राग नाय, गुरुदास. तेका घरात ठेवल्यानी, कित्याक? लांब जाव नये म्हणान. असल्या घरातला पोर दुसऱ्याच्या पोराक त्रास कित्याक देयत?"

मग गुरुदास उठला. "सकाळ जांव दी," एवढंच म्हणाला; सकाळ होऊ दे.

तो आत गेल्यावर मी नानांना म्हटलं, "हे माधवनं मला कधी सांगितलं नाही."

"त्याला कुठे ठाऊक होतं? त्याच्या आईलासुद्धा मी म्हटलं, डोळ्यांत कचरा गेला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "कुणालाच सांगितलं नव्हतं, सुमन."

मग मी त्यांना एक सांगितलं. लग्नानंतर माधव पहिल्यांदा माझ्याबरोबर उत्खननाला आला आणि मजुरांच्या बिड्यांच्या थोटकांना नंबर घालून पिशव्या भरल्या, ते. नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. आम्ही दोघं हसत होतो आणि दोघांचेही डोळे वाहत होते, आणि कुणीही कुणाला थांबवलं नाही.

सकाळी पोरीचं अंग निवलेलं होतं. सगुणा ओसरीवर बसून तिला पेजेची निवळ भरवत होती. मी खड्ड्याकडे निघाले होते, मडकी परत ठेवायला. इतक्यात तिची हाक आली. "वयनी! नानाकाका! आयकात!"

तिनं कुलेर, म्हणजे चमचा, पोरीच्या तोंडात घातली आणि खालच्या हिरडीवर हलकेच वाजवली.

टक्.

गुरुदास गोठ्यातून आला. त्यानंही वाजवून पाहिलं. मग माझ्या हातातल्या टोपलीकडे पाहून म्हणाला, "दवरूं नाका. तुमचें काम करात. उदक बुधवारा सोडुंया."

त्या वाढीव दिवसांत चुलीखालचा थर निघाला, कोळसा मिळाला, पाट्याचा जोड दगडही मिळाला. दात मी सगुणानं दिलेल्या सावरीच्या कापसात गुंडाळून काडेपेटीत ठेवला. तिनं काडेपेटी हातात घेऊन विचारलं, "थंय तें एकटेंच उरतलें?"

थंय म्हणजे आमच्या कॉलेजच्या कपाटात. मी खरं तेच सांगितलं. "नाही. तिथे आणखी आहेत. दुसऱ्या गावांतली."

"भुरगीं?"

"हो. सगळी एवढीच."

तिचा चेहरा निवळला. "मागीर बरें," ती म्हणाली.

बुधवारी गुरुदासनं पाटाचं तोंड उघडलं. आम्ही खड्डा भरून घेतला होता. पाणी आधी कडेकडेनं आलं, मग मधे पसरलं, आणि जिथे ते गोल घर होतं तिथे आभाळ दिसायला लागलं. सगुणा पदर खोचून रोपं लावायला उतरली.

निघताना तिनं मुलीला लाकडी पाटावर बसवलं, शेजारी आमची टोपली ठेवली. टोपलीत पेंढ्यात बसवलेली दोन मडकी, वर काडेपेटी. हातात मीठ-मिरच्या घेऊन तिनं आधी पोरीवरून ओवाळल्या, मग टोपलीवरून. नाना गंभीरपणे म्हणाले, "माझ्या खिशात घालू नको हां."

परतताना

डिचोलीहून दोडामार्गाच्या गाडीत गर्दी होती. नानांनी टोपली मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरली. प्रत्येक खड्ड्याला ती जरा वर उचलायचे. समोरच्या बाकावर सावंतवाडीकडची एक बाई होती, खाणीवरून गावाकडे निघालेली. बराच वेळ तिनं नानांची कसरत पाहिली. शेवटी न राहवून म्हणाली, "आजोबा, काय आसा ता? अंडी?"

"नाय गो," नाना म्हणाले. "आमचे पणजोबा आसत. अजून दात फुटाक नाय तेंका."

तिनं नानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, कारण खोटं काहीच नव्हतं. तिनं आणखी काही विचारलं नाही. पाय आखडून घेतले, पायाशी ठेवलेलं आपलं बोचकं ओढून बाकाखाली सारलं आणि म्हणाली, "मग हयसर ठेवा, सारखे. धक्को लागाचो नाय."

नानांनी टोपली खाली ठेवली, दोन पावलांच्या मध्ये धरली आणि माझ्याकडे वळले.

"हं, कुठवर आलो होतो? माधव तिसरीत होता तेव्हा..."